रिकाम्या दुकानाची तपासणी

"दुकान रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाण्याचा आणि सांडपाण्याचा आकार माफ होत नाही," असं पाणीखात्यातल्या साहेबांनी सांगितलं होतं, आणि आज सकाळी ते स्वतः पाहायला येणार होते. काका-काकूंच्या लाँड्रीचं शटर वर्षभर बंद होतं. नळाचा थेंब वापरला नव्हता, तरी बिल येत होतं, काकूंच्या जपापेक्षाही नेमानं. आजारातून उठलेले काका घरी भिंतीकडे तोंड करून बसत. डॉक्टर म्हणाले, कामाला लागा. काका म्हणत, "आता कोण येतंय?" आकार माफ झाला तरच दुकान ठेवणं परवडणार होतं, नाहीतर विकायचं.

पण आलेला माणूस धुळीत उभा राहणार, हे काही काकूंना सोसेना. त्यांनी शटर उघडून बादल्या ओतल्या, फरशी घासली, घरून दोन खुर्च्या आणि चहाचा थर्मास आणला. सहीपुरतं काकांनाही ओढून आणलं.

"अगं, रिकामं दाखवायचंय ना?"

"रिकामं असू दे, ओशाळवाणं नको."

उघडं शटर पाहून शेजारचा घड्याळवाला आत शिरला. "झालं का सुरू? देव पावला बघा. माझे शर्ट म्हटले की बायको इस्त्री आपटते." काकू 'नाही हो' म्हणेपर्यंत गठ्ठा टेबलावर पडलासुद्धा. मागोमाग शाळेतल्या बाई चादरी घेऊन आल्या. आल्या माणसाला जा कसं म्हणायचं, म्हणून काकूंनी दोघांना बसवून चहा दिला.

तेवढ्यात साहेब आले. ओली फरशी, कपड्यांचे ढीग, खुर्च्यांवर गिऱ्हाइकं.

"हे रिकामं?"

"तुम्ही येणार म्हणून जरा..." म्हणत काकू कप घेऊन पुढे झाल्या, आपणच धुतलेल्या फरशीवर घसरल्या, आणि चहा साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर.

"अहो, मला आता मीटिंग आहे," साहेब रडकुंडीला आले.

"काढा तो," कोपऱ्यातून काका म्हणाले. "डाग धरायच्या आत काढा."

वर्षभरात काकूंनी हा आवाज ऐकला नव्हता. काकांनी शर्ट नळाखाली धरला, घट्ट पिळला आणि कुणाला काही न सांगता घरी जाऊन माळ्यावरची इस्त्री काखोटीला मारून आले.

साहेब बनियनवर बसले. मांडीवर कागद. "काकू, तुमचं म्हणणं खरंय हो. पण माझाच शर्ट इस्त्रीखाली असताना 'रिकामं' लिहू कसा?"

काकूंनी टेबलाकडे पाहिलं. वाफेच्या पलीकडे काका घड्याळवाल्याला झापत होते, "कॉलर आहे की पायपुसणं?"

"चालू लिहा, साहेब," काकू हळूच म्हणाल्या. "आकार भरू आम्ही. आनंदानं भरू."

आकार आनंदानं भरणारं माणूस साहेबांनी नोकरीत प्रथमच पाहिलं. त्यांनी लिहिलं, कडक शर्ट चढवला आणि निघाले.

काकूंनी डोळे मिटून नळाला हात जोडले. तोच मागून काकांचा खणखणीत आवाज आला.

"साहेब, धुणं आमच्याकडून. इस्त्रीचे पैसे राहिले."