आशादायक उंदीर

माणसाच्या मनगटातली नस तुटली की सर्वांत आधी जाग येते ती नातेवाइकांना.

शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या मनगटावर खिडकीची काच पडली आणि बोटांना जाणीव देणारी नस तुटली. सर्जननं नस शिवली आणि सांगितलं, "आता ती मुंगीच्या पावलानं वाढेल. रोज बोटांचा व्यायाम करा आणि वाट बघा."

ताईंना ते पटलं. करंगळी आणि शेजारचं बोट मात्र लाकडासारखं बधिर होतं. कापड रेशमी की सुती तेही कळेना. हात गेला तर आपण कोण उरणार, हा विचार त्यांना सोडत नसे. घरच्यांना 'वाट बघा' हा इलाज फारच हलका वाटला. (तो बाटलीत भरता येत नाही.)

धाकट्या दिरानं मोबाईलवर बातमी वाचली: एका पाल्याच्या अर्कानं नस दुखावलेले उंदीर पुन्हा धावू लागले. तो वहिनीला घेऊन थेट संशोधन केंद्रात धडकला. संशोधकांनी अभिमानानं पिंजरा दाखवला. उंदीर खरोखर धावत होते.

"आणि अर्क न दिलेले?" ताईंनी विचारलं.

"तेही धावतात. पण त्यांचं धावणं आशादायक नाही."

"मग मी घेऊ का हा अर्क?"

"छे! माणसांवर चाचणीच झालेली नाही," संशोधक कळवळून म्हणाले. "तुम्ही उंदीर असता तर प्रश्नच नव्हता."

दीर परत येताना पिशवीभर पाला घेऊनच आला. हिरवा, कडूजहर काढा सुरू झाला. ताईंचं पोट बिघडलं, अंगात त्राण राहिलं नाही, व्यायाम सुटला. बोटं आत वळू लागली. (घरात यालाच गुण येण्याची सुरुवात म्हणत.) व्यायाम शिकवणारी बाई कडाडली, "हात हवाय की काढा?"

त्या दिवसापासून ताई काढा गुपचूप मोरीत ओतू लागल्या. दात आवळून बोटं ताणू लागल्या. महिने गेले. एका दुपारी बटण लावताना सुई करंगळीत घुसली.

"आई गं!" ताई किंचाळल्या आणि रडतारडता हसायला लागल्या. दुखलं होतं!

दीर धावत आला. "बघितलंत? काढा!"

"भाऊजी, मी तो केव्हाच सोडला. मोरीत ओतत होते."

मग सासूबाईंनी शांतपणे निकाल दिला, "नुसत्या वासानं एवढा गुण, तर पोटात गेला असता तर काय झालं असतं!"

आता दाराशी गर्दी असते. कुणाचा गुडघा, कुणाची मान, कुणाचं टक्कल. ताई प्रत्येकाला सर्जनची शिलाई आणि बोटांचा व्यायाम समजावतात. लोक मान डोलावतात आणि जाताना हळूच विचारतात, "बरं, पाला कुठला?"

त्या माणसांना आपण हसू शकतो. फक्त झाडाचं नाव इथे कुठेच दिलेलं नाही, हे तुमच्याही मघाशीच लक्षात आलं असेल. आणि तुमचं तर काही दुखतही नव्हतं.