प्रगती आढळल्यास कारवाई होईल

सकाळच्या सरावासाठी निघालेले घड्याळवाले पाण्याच्या टाकीमागच्या वळणावर सायकलवरून पडले. कोपर सोलपटले. उठून उभे राहण्याआधी त्यांनी खिशातून फोन काढून कोपराचा फोटो घेतला, तो हलला म्हणून दुसरा घेतला, आणि ‘नवशिके सायकलस्वार संघ’ या गटावर पाठवून ते रस्त्याच्या कडेला बसून राहिले. रक्त थांबायच्या आत पहिली चौकशी आली. पाठोपाठ इतक्या आल्या की फोन गरम झाला. आपण पडलो याचा एवढा आनंद त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता.

याला कारण होते. त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान मोठ्या रस्त्यापासून एक गल्ली आत होते. लोक फोनवर वेळ पाहू लागल्यापासून त्या गल्लीत शिरायचे कुणाला काही कारण उरले नव्हते. दिवसभर भिंतीवरची घड्याळे बोलत, माणूस कुणी बोलत नसे. बायको एका शाळेचे वाचनालय सांभाळायची. संध्याकाळी ती घरी येईपर्यंत घड्याळवाल्यांना कुणी हाक मारील अशी शक्यता नव्हती. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले हे सायकल घ्यायचे निमित्त झाले. संघात जायचे खरे कारण एवढेच की तिथे माणसे होती.

सुरुवातीला त्यांनी नवा माणूस करतो तीच चूक केली. त्यांनी प्रगती कळवली. ‘आज टाकीपर्यंत पाय न टेकवता गेलो,’ असे लिहिले. त्यावर दोन अंगठे आले, आणि त्यांतला एक चुकून दाबला गेल्याचा खुलासा संबंधिताने नंतर प्रत्यक्ष भेटीत केला. कोपराचे तसे झाले नाही. संघाचे अध्यक्ष जातीने दुकानात आले. हे निवृत्त अधिकारी. उभी नोकरी त्यांनी इतरांच्या रजा नामंजूर करण्यात घालवली होती आणि निवृत्तीनंतर नामंजूर करायला काही उरले नाही म्हणून संघ काढला होता. ते स्टुलावर बसले, चहा प्यायले आणि जाताना आपल्या मनगटी घड्याळाचा पट्टा बदलायला ठेवून गेले. त्यांच्यामागून गुडघेबाई आल्या. या बँकेत रोखपाल होत्या, आणि डावा गुडघा दुखत असल्याचे त्या गटावर नेमाने कळवत असल्याने त्यांना दुसरे नाव उरले नव्हते. मग चेनकाका आले. हे शिंपी; त्यांच्या सायकलची चेन रोज पडत असे. त्या दिवशी दुकानात बसायला जागा पुरेना. घड्याळवाल्यांना भरून आले.

माणसे एकमेकांना सांभाळून घेऊ लागली की त्याचे नियम करावे लागतात, असे अध्यक्षांचे मत होते. पहिला नियम साधा होता. नुसती प्रगती वाचून इतरांचे मन खचते, तरी प्रगती कळवताना सोबत किमान एक अडचण जोडावी. त्यामुळे ‘चढ चढलो’ एवढेच लिहिणे उद्धटपणाचे ठरले. ‘चढ चढलो, पण उतरताना चष्मा पडला’ हे रीतसर. पुढे अडचणींचे शारीरिक, यांत्रिक, हवामानविषयक व कौटुंबिक असे वर्ग पाडण्यात आले. काही सभासद एकाच पंक्चरचे फोटो वेगवेगळ्या कोनांतून पाठवतात अशी तक्रार आल्यावर पडताळणी उपसमिती नेमण्यात आली. ही उपसमिती सकाळी सरावाच्या मैदानाच्या फाटकाशी उभी राहून प्रत्येक टायर अंगठ्याने दाबून पाही.

शेवटचा नियम तर्कशुद्ध होता. ज्याला अडचण नाही तो नवशिका नाही, आणि जो नवशिका नाही त्याचे नवशिक्यांच्या संघात काय काम? सबब, आठवडाभर निव्वळ प्रगती आढळल्यास सभासदत्व आपोआप संपुष्टात येईल. यावर एका बेकरीवाल्याने भीत भीत विचारले की मग सायकल यायला लागली की माणसाने निघून जायचे का. अध्यक्षांनी त्याच्याकडे अतीव करुणेने पाहिले.

“आपण इथे शिकायला आलो आहोत,” ते म्हणाले, “शिकून जायला नाही.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घड्याळवाल्यांनीही वाजवल्या. आणि नेमके त्याच सुमारास त्यांचे ग्रह फिरले. त्यांना सायकल यायला लागली.

एका सकाळी हँडल हातात थरथरलेच नाही. शर्टात वारा भरला, रस्ता रिकामा होता, आणि पोक्त वयाचा तो गृहस्थ एकटाच मोठ्याने हसला. पुढच्याच क्षणी त्यांना गट आठवला. उद्या काय कळवायचे? परवा काय? आठवडा संपला की स्टूल रिकामे, दुकान रिकामे, फोन गार. ही भीती त्यांनी कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर ती अडचण म्हणून चालली असती, पण तिच्यासोबत प्रगती उघड झाली असती.

मग त्यांनी मार्ग काढला. मैदानाच्या अलीकडे एका गोदामाची मागची भिंत होती. तिथवर ते वाऱ्यासारखे येत, खाली उतरत, मागच्या चाकातली हवा सोडत आणि तिथून सायकल ओढत, कण्हत, फाटकाशी हजर होत. उपसमितीचा अंगठा टायरमध्ये खोल रुते. ‘अरेरे’ अशी नोंद होई. परतताना ते त्याच भिंतीआड पिशवीतला पंप काढून हवा भरत आणि उशीर झाला म्हणून जोरात पिटाळत घरी येत. त्यांच्या पायांना इतका व्यायाम कधीच झाला नव्हता.

एकदा ते असे वाकून हवा सोडत असताना कोपऱ्यावरून एक सायकल सुसाट आली. चालवणारीने दोन्ही हात सोडून केसांचा अंबाडा बांधायला घेतला होता. त्या गुडघेबाई होत्या. त्या उतरल्या, घड्याळवाल्यांना पाहून क्षणभर थबकल्या, आणि मग शांतपणे पर्समधून कापडी पट्टी काढून डाव्या गुडघ्याला गुंडाळू लागल्या. दोघांनी एकमेकांना सुप्रभात म्हटले. इतक्यात चेनकाका आले. त्यांनी कुणाकडेही न पाहता चेन खाली काढली आणि काळे बोट कपाळाला पुसले, म्हणजे झटापट झाल्यासारखे दिसावे. त्यांच्या पाठोपाठ खुद्द अध्यक्ष अवतरले. ते ज्या वेगाने आले त्या वेगाने त्यांच्या खात्यात कधी एक कागद हलला नव्हता. मग चौघेही आपापली अडचण घेऊन फाटकाकडे निघाले. पुढल्या आठवड्यात भिंतीआड गर्दी होऊ लागली, तेव्हा अध्यक्षांनी फक्त रांगेने हवा सोडण्याची सूचना केली.

हे सगळे सुरळीत चालले असते. पण बायकोच्या शाळेकडे जाणारी बस बंद झाली. रिक्षा रोज परवडेना. तिने घड्याळवाल्यांना सायकल शिकवायला सांगितले. आपल्याला येते हे कबूल न करता शिकवायचे कसे, हा त्यांच्यापुढे पेच पडला. त्यांनी तिला संघात यायला सुचवले आणि ती आलीही, जुनी पण दणकट सायकल घेऊन.

पहिल्या दिवशी ती दोनदा पडली. गटावर नुसता प्रेमाचा पूर आला. दुसऱ्या दिवशी एकदा पडली. त्यानंतर ती पडली नाही, कारण तिला वेळेवर शाळेत पोचायचे होते आणि पडायला सवड नव्हती. एके दिवशी तिने लिहिले, ‘आजपासून सायकलने कामावर जाते. खूप मजा येते. सगळ्यांचे मनापासून आभार.’ गट गप्प झाला. एकही अंगठा वर झाला नाही. तिला वाटले फोन बिघडला. घरी तिने घड्याळवाल्यांना तो तपासायला दिला आणि त्यांनी तो उगीचच बराच वेळ तपासला.

त्याच आठवड्यात तिने सायकल ब्रेक बदलायला टाकली होती. ही चांगली पडताळणीयोग्य अडचण होती. पण थोडक्याचे काम, त्यात काय सांगायचे, असे म्हणून ती गप्प राहिली. त्या संध्याकाळी घड्याळवाले तिला आणायला गेले. शाळेसमोरचा चढ मोठा होता. आसपास ओळखीचे कुणी नव्हते. त्यांनी तिला कॅरिअरवर बसवले आणि न थांबता चढ पार केला.

“किती छान चालवता हो,” ती मागून म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षे झाली, तिने त्यांच्या कशालाही असे छान म्हटल्याचे त्यांना आठवेना. घरी पोचेपर्यंत ते हवेत होते. फक्त हे कुणाला कळवता येणार नव्हते.

दोन दिवसांनी संघाची विशेष सभा एका शिकवणीच्या वर्गात भरली. मोठाली माणसे लहान बाकांवर गुडघे मुडपून बसली. अध्यक्षांनी प्रकरण वाचून दाखवले. सदर सभासदांकडून आठवडाभर एकही अडचण प्राप्त झालेली नाही. शिवाय त्यांनी सायकलचा वापर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यासाठी केल्याचे निदर्शनास आले आहे.

“मला वाटलं त्यासाठीच असते सायकल,” बायको म्हणाली.

“असं सगळेच म्हणायला लागले तर सराव कोण करणार?” अध्यक्ष म्हणाले.

गुडघेबाईंना तिची खरोखर कीव आली. त्या बाकावरून पुढे वाकून म्हणाल्या, “एखादी तरी पडझड सांगा हो. बारीकशी चालेल. आम्ही घेऊ सांभाळून.”

“पण पडलेच नाही तर काय सांगू?” असे म्हणून ती घड्याळवाल्यांकडे वळली. “अहो, तुम्ही तरी सांगा यांना. सायकल येणं हा काय गुन्हा आहे? परवा मला मागे बसवून शाळेचा चढ कोण चढलं?”

वर्गातला प्रत्येक जण तो चढ कुणालाही मागे बसवून चढू शकत होता. सगळे घड्याळवाल्यांकडे पाहत होते, आणि घड्याळवाल्यांना दिसत होती आपली गल्ली, भर दुपारची, कुणी न येणारी. खरे सांगायला दोनच शब्द लागले असते.

“ढकलत नेलं मी,” ते म्हणाले. “दोनदा चेन पडली.”

“अरेरे,” चेनकाका अगदी मनापासून म्हणाले.

बायकोने नवऱ्याकडे पाहिले. ती रागावली नव्हती. रागावली असती तर त्यांना बरे वाटले असते. अध्यक्षांनी ठराव मताला टाकला. हात वर झाले. घड्याळवाल्यांचा हात थोडा उशिरा वर गेला, पण गेला, आणि ठराव एकमताने संमत झाला. बायकोने पर्स उचलली, बाहेर आली आणि सायकलवर बसली. खिडकीतून सगळ्यांनी तिला वळणापर्यंत जाताना पाहिले. ‘काय सुरेख तोल आहे,’ असे कुणीतरी पुटपुटले आणि लगेच खोकल्याचे निमित्त केले.

त्यानंतर घड्याळवाल्यांना काही कमी पडले नाही. बायकोला सायकल येणे हा प्रकार उपसमितीने कौटुंबिक अडचणींत, तोही गंभीर म्हणून, वर्ग केला. दुकानात सांत्वनाला रीघ लागली. धीर धरा, असे प्रत्येकाने सांगितले. वर्षाअखेरीस ‘उत्कृष्ट नवशिका’ हा मान त्यांना देण्यात आला आणि तो स्वीकारायला ते लंगडत व्यासपीठावर चढले.

घरी मात्र एक गोष्ट बदलली. पूर्वी बायको संध्याकाळी आली की पर्स ठेवायच्या आधी रस्ता सांगायला लागायची. कुठल्या उताराला पॅडल मारावेच लागत नाही, कुठल्या वळणावर एक कुत्रे रोज सोबत धावते, आज तिने एका मोटारीला कसे मागे टाकले. परवा ती दारात आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते, केस विस्कटले होते आणि डोळे चमकत होते. घड्याळवाल्यांना ते ऐकायची फार ओढ लागली. त्यांनी विचारले, “कसा झाला आज रस्ता?”

तिने त्यांच्याकडे पाहिले आणि चेहरा नीट पाडला.

“कसला काय,” ती म्हणाली. “वारा होता समोरून. पाय मोडून आलेत.”

एवढे सांगून ती आत गेली. घड्याळवाले पुढच्या खोलीत एकटेच बसून राहिले. त्यांना रडू फुटले. कोपर सोलपटल्यानंतरची, बनाव नसलेली अशी ही त्यांची पहिलीच अडचण, आणि ती कुठल्याच वर्गात बसत नव्हती.

तुम्ही हसू नका. आज सकाळी तुम्हालाही कुणीतरी विचारले असेल, काय, कसं काय? घरी सगळे ठीक होते, तब्येत ठणठणीत होती, अडलेले काम कालच मार्गी लागले होते. आणि तुम्ही खांदे पाडून म्हणाला असाल, ‘चाललंय आपलं रडतखडत.’ ऐकून समोरच्याचा जीव भांड्यात पडला असेल. काळजी नसावी. तुमचे सभासदत्व अबाधित आहे.