गेंड्याचा चिखल

असलमच्या वॉशिंग सेंटरवर एक गाडी धुतली गेली, एवढीच चूक झाली.

आता वॉशिंग सेंटरवर आलेली गाडी धुवायची नाही तर काय तिची ओटी भरायची? पण ही गाडी साधी नव्हती, गेंडा नावाची जीप होती. नांद्यात राहणारा आणि हिंजवडीत नोकरी करणारा शेखर रविवारी सकाळी ती पौडला घेऊन आला, तेव्हा ती चाकांपासून टपापर्यंत तांबड्या चिखलाने माखलेली होती. "असलमभाई, फक्त आतून साफ करा," त्याने बजावलं. "बाहेर बोट लावायचं नाही. संध्याकाळी येतो." आणि मित्राच्या गाडीतून तो जेवायला निघून गेला.

असलमने गाडी आतून झाडून घेतली. मग शाम्पू संपला म्हणून तो पिरंगुटला गेला. बायको समीना मागच्या घरात एका नवरीच्या हातावर मेंदी काढत होती. उरली असलमची आई, जोहराबी. ती दिवसभर पाण्याच्या टाकीपाशी खुर्ची टाकून बसे. तिच्या मते जगात दोनच प्रकारच्या गाड्या होत्या, धुतलेल्या आणि असलमने आळस केलेल्या. तिला कोणी काहीच सांगितलेलं नव्हतं. तिने पदर खोचला आणि पंप सुरू केला.

असलम परतला तेव्हा गेंडा शोरूममधून नुकताच आल्यासारखा उभा होता.

"अम्मा, हे काय केलंस?"

"धुतली. तू तशीच टाकून गेलास ना. पॉलिस बी मारलं, टायरला काळं बी लावलं."

"अगं, त्यांना चिखल पायजे हुता!"

जोहराबीने मुलाच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. "चिखल पायजे, मग हितं कशाला आणली? म्हशीच्या डबक्यात घालायची हुती."

तिचं चुकत नव्हतं. तिची आणि गेंड्याची ओळख फार जुनी होती. गेंडा पहिल्यांदा बनला तो लष्करासाठी. डोंगर असो, वाळू असो, गेंडा जायचाच, फक्त आत बसलेल्यांची हाडं जागेवर राहतील याची हमी नसे. पुढे लष्कराने जुने गेंडे लिलावात काढले आणि ते साखर कारखान्यांच्या चेअरमन लोकांनी घेतले. चेअरमन लोकांची पोटं स्टिअरिंगला टेकू लागल्यावर ते वडापवाल्यांकडे आले. मग कितीतरी वर्षं पौड ते ताम्हिणी या रस्त्यावर गेंडा म्हणजे एसटी चुकलेल्यांची गाडी होती. आत मावतील तेवढे आत, लोंबकळतील तेवढे मागे, आणि टपावर शेळ्या. जोहराबी लग्न होऊन पौडला आली तीही गेंड्यातून, गिअरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून. तिची कंबर तेव्हापासून दुखते. नंतर कंपनी बंद पडली आणि उरलेल्या गेंड्यांमध्ये लोकांनी कोंबड्या पाळल्या.

काही वर्षांपूर्वी मूळ मालकाच्या नातवाने तोच गेंडा पुन्हा बाजारात आणला. चौकोनी थोबाड तेच, आत गारेगार हवा आणि किंमत नांद्यातल्या फ्लॅटच्या बरोबरीची. जाहिरातीत एक दाढीवाला पुरुष कड्यावर एकटाच उभा राहून लांब कुठेतरी बघत असे. हिंजवडीत खुर्चीवर बसून माना आखडलेल्या असंख्य पुरुषांना तो आपणच आहोत असं वाटलं. त्यांनी कर्जं काढली, दाढ्या वाढवल्या, गाडीला दोर, फावडं आणि कुऱ्हाड बांधली आणि सिग्नलच्या रांगेत पहिल्या गिअरवर तासन् तास उभे राहू लागले.

या सगळ्यांचा मिळून 'गेंडा परिवार' झाला. परिवाराचा प्रमुख कैलास नावाचा मॅनेजर होता. जो सभासद खराखुरा चिखल तुडवून येईल त्याला 'पक्का गेंडा' हा पितळी बिल्ला मिळे. अट एकच, गाडी न धुता दाखवायची. चिखल तपासण्याचा अधिकार कैलासचा. आतापर्यंत बिल्ला एकालाच मिळाला होता, तो कैलासला, आणि देणाराही कैलासच होता.

शेखर त्या सकाळी एकटाच ताम्हिणीच्या अलीकडच्या एका ओढ्यात उतरला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याची गाडी रस्ता सोडून गेली, आणि रुतली, आणि त्याची त्यानेच बाहेरही काढली. संध्याकाळी त्याला बिल्ला मिळायचा होता. समारंभ ठरला होता असलमच्याच मोकळ्या जागेत, कारण इतके गेंडे पौडात दुसरीकडे कुठे मावत नव्हते.

असलम घाबरला तो बिल्ल्यासाठी नाही. पिरंगुटला तीन रंगांचा फेस काढणारं नवं ऑटोमॅटिक सेंटर झाल्यापासून त्याच्याकडे फक्त गेंडेवालेच येत होते. ते तुटले की सेंटरला कुलूप लावायचं आणि पुन्हा हिंजवडीत कंपनीची कॅब चालवायची. ती त्याने पूर्वी चालवली होती. त्या ट्रॅफिकमध्ये त्याचे केस पांढरे झाले होते आणि गाडी तेवढ्या वेळात एक चौक पुढे सरकली होती.

तेवढ्यात शेखरचा फोन आला. "काय म्हणतोय आपला चिखल?"

"मजेत हाय साहेब."

"एक फोटो पाठवा ना. सगळे बघायचं म्हणतायत."

असलमने आतल्या सीटचा फोटो पाठवला.

"अहो, बाहेरचा!"

"बाहेर ऊन लई हाय साहेब, चिखल चमकतोय. नीट येत न्हाई." असं म्हणून त्याने फोन बंदच करून टाकला.

समीना बाहेर आली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "रडताय काय? धुतला तर परत लावायचा."

"कुटनं आणू? दिवाळी होऊन गेली. पौडात धूळ मिळंल, चिखल न्हाई. कासारसाईच्या धरणाकाठी हाय, पण तो काळा."

"नर्सरीत कुंड्यांची तांबडी माती मिळती. जावा, पोतं घेऊन या."

पोतं आलं. चिखल कालवला. असलमने तो मूठभरून गेंड्याच्या दारावर फेकला. जोहराबीने जीव लावून पॉलिश मारलेलं होतं. चिखल दारावरून अलगद घसरला आणि खाली थपकन पडला. दुसरी मूठही गेली. तिसरी असलमच्याच पायावर आली.

"बघ," जोहराबी खुर्चीतून म्हणाली, "ह्याला म्हंत्यात पॉलिस."

शेजारचा नथू आपली गाय घेऊन रस्त्याने चालला होता. तो थांबला. माणूस धुतलेल्या गाडीला चिखल का फासतोय, असं त्याने विचारलं नाही. गेंडेवाले इकडे यायला लागल्यापासून त्याने प्रश्न विचारणं सोडलं होतं. "शेण घाला की त्यात," तो म्हणाला. "कुडाची भिंत धरती, गाडी न्हाई धरणार व्हय?" माल गाईने तिथल्या तिथेच पुरवला.

शेणाने चिखल चिकटला. पण आता गाडी सारवलेल्या अंगणासारखी दिसू लागली. सगळीकडे सपाट, एकसारखी. त्यावर रांगोळी काढायची तेवढी बाकी होती.

"सरका," समीना म्हणाली. तिने शेखरचं सकाळचं स्टेटस उघडलं, फोटो मोठा केला, आणि मेंदीचे मोठे कोन त्याच चिखलाने भरून आणले. मग जे सुरू झालं ते बघत राहावं असं होतं. चाकामागून उडालेले फराटे, दारावरचे शिंतोडे, काचेवर वायपरने काढलेली अर्धगोल कमान, सगळं फोटोबरहुकूम. हातावर ओली मेंदी असलेली नवरी दारात उभी राहून सूचना देत होती. "ताई, डाव्या बाजूला ठिपके कमी झालेत." समीनाने तिथेही ठिपके दिले. असलम तोंड उघडं टाकून बघत राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचा एवढा अभिमान त्याला कधीच वाटला नव्हता.

"काय जमाना आला," जोहराबी पुटपुटली आणि तोंड फिरवून बसली. आपण धुतलेल्या गाडीचे हे हाल तिला खरोखरच बघवत नव्हते.

संध्याकाळी शेखर आला. गाडीभोवती एक फेरी मारली.

"असलमभाई, थोडा वास येतोय का?"

"जंगलातनं आलीया ना साहेब."

"हो, तेही खरंच," शेखर म्हणाला. त्याचे डोळे पाणावले होते. वासानेही असतील.

गेंड्यांनी जागा भरून गेली. टोप्या घातलेले दाढीवाले पुरुष अर्धवर्तुळ करून उभे राहिले. कैलास पुढे आला. त्याने दारावरचं एक ढेकूळ बोटांनी खरवडलं, चुरडलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. असलमला कॅबचं स्टिअरिंग दिसू लागलं.

"शेखर," कैलास खोल आवाजात म्हणाला, "तू ओढ्यात गेलो होतो म्हणालास. खोटं बोललास."

असलम टाकीच्या आडोशाला सरकला.

"तू ओढ्याच्या खूप पुढे गेला होतास! कोअर जंगलात! फ्रेंड्स, ह्या मातीत गव्याचं शेण आहे. रानगवा! नर. फुल ग्रोन."

अर्धवर्तुळातून एक हुंकार निघाला. शेखर गोंधळला, पण माणूसच तो. त्याने नकळत छाती थोडी पुढे काढली. "अंधुक काहीतरी दिसलं होतं खरं," तो म्हणाला.

"गवा कुटला आलाय?" जोहराबी खुर्चीतून ओरडली. "आमच्या नथूच्या गाईचं शेण हाय ते! दुपारी घातलंया. नर काय, व्यायला झालीया ती!"

असलमने डोळे गच्च मिटून घेतले. सगळे आधी जोहराबीकडे वळले, मग हळूहळू कैलासकडे. कैलासच्या बोटांत अजून ते ढेकूळ होतं. ते टाकावं की ठेवावं हे त्याला सुचेना.

"आजींचं वय झालंय," शेवटी तो म्हणाला. "गवाच आहे."

"गवाच," दोघेतिघे म्हणाले.

"वासावरून तर गवाच," बाकीचे म्हणाले. बिल्ला शेखरच्या शर्टाला लागला, टाळ्या वाजल्या आणि जोहराबी रागारागाने घरात निघून गेली.

संपलं, असं असलमला वाटलं. तोंडावर कोणी काही बोललं नाही म्हणून काय झालं, पुढच्या रविवारी एक चाक इकडे फिरकणार नाही. एवढ्यात एक दाढीवाला टाकीमागे आला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "असलमभाई, ती नथूची गाय... रोज असते का इथे?"

"असती की."

"शनिवारी माझी गाडी आणू? सेमच पाहिजे. फक्त काचेवर जरा जास्त."

तो गेला आणि दुसरा आला. त्याला पुढच्या सोमवारी ऑफिसात नव्या साहेबाला गाडी दाखवायची होती. तिसऱ्याला टपावर पानं अडकवून हवी होती. प्रत्येकजण एकटा येत होता आणि दुसरा येताना दिसला की नळावर हात धुतल्यासारखं करत होता. सगळ्यात शेवटी कैलास आला. त्याने आधी पाण्याच्या टाकीची बारकाईने पाहणी केली.

"माझीही शनिवारी घ्या," तो टाकीशीच बोलल्यासारखा म्हणाला. "माझ्यावरचा चिखल थोडा जुना झालाय."

सगळे गेल्यावर शेखर उरला. बिल्ला चाचपत तो गाडीला टेकून उभा होता. "असलमभाई, खरं सांगा. माझा चिखल धुतला ना तुम्ही?"

असलमने मान खाली घातली. "अम्माच्या हातनं धुतला गेला, साहेब. माफ करा."

"अहो, माझा खरा होता! अख्ख्या परिवारात एकट्याचा खरा होता. पाऊण तास रुतलो होतो मी. पँट फाटली." त्याला खरंच वाईट वाटत होतं. मग त्याने जरा विचार केला. "पण खऱ्यात शेण नव्हतं. कैलासने नापासच केला असता, नाही का?"

"नर्सरीची माती म्हणाला असता साहेब."

शेखरने बिल्ला सरळ केला. मग गाडीत बसला, काचेवर समीनाने काढलेल्या कमानीतून बाहेर बघत सावकाश नांद्याकडे निघून गेला.

सोमवारी सकाळी असलमने शटर उघडलं तर तोच गेंडा दारात उभा होता. आत शेखरची बायको सायली होती आणि तिने नाकाला ओढणी बांधली होती.

"धुवा," ती उतरत म्हणाली. "आमच्या पार्किंगमध्ये रात्रीपासून माश्या घोंगावतायत. सोसायटीने मला मेसेज केलाय, त्यांना नाही."

असलम दोन पावलं मागे सरला. "ताई, साहेबांना एकदा विचारलं असतं तर..."

"साहेबांना काय विचारायचं? गाडी माझ्या नावावर आहे."

असलम तरी घुटमळला. तेवढ्यात मागे हॉर्न वाजला. कैलासची बायको क्षितिजा दुसऱ्या गेंड्यातून डोकं बाहेर काढून विचारत होती, "इथेच धुतात ना हे? आमच्यावरचा गेल्या वर्षीचा आहे. घासावा लागेल." तिच्या मागे आणखी एक गेंडा वळण घेत होता.

जोहराबीने पदर खोचला, पंप सुरू केला आणि मुलाकडे बघितलं. "आता तरी धुऊ का, का अजून तुझं कुणाला विचारायचं राहिलंय?"

घरातून समीनाचा आवाज आला. ती शनिवारसाठी तांबडी माती चाळत होती.

"बिनधास्त धुवा, अम्मा. न्हाई धुतली तर मी लावू कुटं?"