गवताची रजा

मंगळवारी सकाळी दहा वाजता क्लबच्या मुख्य मैदानावरील गवताची आठवडाभराची रजा मंजूर झाली. कारण म्हणून ‘थकवा’ असे नोंदवले होते. त्याच टेबलावर, त्याच पेनाने, तिकीट खिडकीवर काम करणाऱ्या बाईची अर्ध्या दिवसाची रजा नामंजूर झाली. तिनेही कारण ‘थकवा’ असेच दिले होते. पण गवताच्या बाजूने तज्ज्ञांचा दाखला होता आणि बाईच्या बाजूने फक्त बाई होती.

ही बाई सकाळी तिकिटे विकत असे आणि संध्याकाळी क्लबच्या महिला फुटबॉल संघाचे नेतृत्व करत असे. कार्यालयात पाच वाजेपर्यंत तिला ‘खिडकी’ म्हणत, पाचनंतर ‘कॅप्टन’. पुरुष संघाच्या कर्णधाराला कोणतीही खिडकी सांभाळावी लागत नव्हती. एकाच व्यक्तीला दोन संधी देणे हा क्लबचा विशेष सन्मान होता आणि तो केवळ महिलांसाठी राखीव होता.

गवत रजेवर गेल्यामुळे महिला संघाचा रविवारचा सामना मुख्य मैदानावरून मागच्या मैदानावर हलवण्यात आला. मुख्य मैदानावर महिला संघ प्रथमच खेळणार होता, ही बाब टिपणीत नव्हती. मागचे मैदान म्हणजे जनरेटरची खोली आणि कुंपण यांच्यामधला उतार. तिथे एक संघ अर्धा सामना चढत असे आणि उरलेला अर्धा घसरत असे. बसायला काही नव्हते. कॅप्टनच्या दृष्टीने खरी अडचण हीच होती. तिच्या सासूबाईंचे गुडघे गेलेले होते आणि सुनेचा खेळ बघायला यायची त्यांची एकच अट होती: खुर्ची. कॅप्टनचे लग्न होऊन तिची मुलगी शाळेत जायला लागली, तरी ती अट पुरी झाली नव्हती. मुख्य मैदानावर खुर्च्याच खुर्च्या होत्या.

कॅप्टन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या खोलीत गेली. त्यांना सगळे साहेब म्हणत; तेही स्वतःला साहेबच म्हणत.

“साहेब, गवत दमलंय म्हणे.”

“फार दमलंय हो.” घरातले कोणी आजारी असावे तसा साहेबांचा चेहरा झाला.

“पण आम्ही तर त्याच्यावर कधी पाऊलसुद्धा टाकलं नाही. दमवलं कोणी?”

“मुलांनी. वर्षभर धावतात त्याच्यावर.”

“मग विश्रांती मुलांपासून पाहिजे.”

“मुलांना कसं थांबवणार? त्यांचे सामने असतात.”

“आमचाही सामनाच आहे.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “हे बघा, गवत नाजूक असतं. बायका कणखर असतात. मी तर म्हणतो, यात तुमचा गौरवच आहे.”

हे वाक्य साहेबांना स्वतःलाच इतके आवडले, की संध्याकाळी त्यांनी ते वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांपुढे पुन्हा म्हटले. ‘कणखर’वर थोडा जोर दिला.

रविवारी दुपारी महिला संघ गणवेश घालून मागच्या मैदानावर पोहोचला, तेव्हा तिथे ओळीने मोटारी लावलेल्या होत्या. पहारेकऱ्याने कॅप्टनला वरपासून खालपर्यंत बघितले आणि विचारले, “मॅडम, गाडी कुठाय तुमची?”

“गाडी नाही. सामना आहे.”

“आज नाही जमायचं. पाहुण्यांच्या गाड्या आहेत.”

“कसले पाहुणे?”

पहारेकऱ्याने मुख्य मैदानाकडे बोट दाखवले. तिथे, रजेवर असलेल्या गवतावर, साहेबांच्या मुलीच्या लग्नाचा स्वागतसमारंभ चालू होता. पेनल्टीच्या ठिपक्यावर नवरा-नवरीसाठी व्यासपीठ होते. मधल्या वर्तुळात लोक नाचत होते. कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी आइस्क्रीम होते, आणि उंच टाचांच्या चपला घातलेल्या बायका पाय रुतल्यामुळे एकमेकींचा हात धरून चालत होत्या. महिला संघाच्या गोलरक्षकाने फोन काढून कुंपणावरून एक फोटो घेतला. तिला फक्त नवरीचा पोशाख टिपायचा होता, असे ती अजूनही सांगते.

सोमवारी सकाळी तो फोटो सगळ्यांकडे होता.

साहेबांचा खुलासा दुपारपर्यंत आला. पाहुणे गवतावर खेळले नव्हते, ते केवळ उभे राहिले होते. उभे राहणे हा विश्रांतीचाच एक प्रकार होय. नाचणाऱ्यांबाबत चौकशी चालू असून त्यांतले बरेच जण वरपक्षाचे असल्याचे प्रथमदर्शनी दिसते. महिला संघाचा सामना रद्द झालेला नसून, तो ‘वाहनांच्या प्रतीक्षेत’ आहे.

त्यानंतर जे झाले त्याला वर्तमानपत्रांनी ‘जनक्षोभ’ म्हटले. पाठीराख्यांच्या संघटनेचा अध्यक्ष हा व्यवसायाने औषधवाला. तो क्लबच्या फाटकाबाहेर प्लास्टिकच्या स्टुलावर उभा राहिला आणि त्याने साहेबांची नैतिकता कुठे आहे, असा सवाल जगाला केला. फोनवर सह्यांची मोहीम निघाली आणि दोन दिवसांत दहा हजारांवर सह्या झाल्या. लोकांनी आपापल्या फोटोंच्या जागी हिरवा गोल लावला. कामाच्या ठिकाणची समानता या विषयावर चार चर्चा झाल्या. तिन्ही पाहुणे पुरुष असलेली चर्चा सर्वात जास्त पाहिली गेली. कॅप्टनच्या इमारतीत वर्षानुवर्षे तिला जिन्यात ढकलून पुढे जाणारे शेजारी आता “अहो, पिशवी द्या इकडे” म्हणू लागले.

“एवढी माणसं तुझ्या बाजूची?” सासूबाईंनी खिडकीतून खाली बघत विचारले. “आणि आजवर कुठे होती मेली?”

“कामात असतील, आई.”

“हो का. आणि आपण काय झोपा काढत होतो?”

क्षोभ वाढल्यावर क्लबने नियमाप्रमाणे दोन समित्या नेमल्या. नैतिकता समितीचे अध्यक्षपद साहेबांनी स्वतःकडे घेतले, कारण या प्रकरणाची त्यांच्याइतकी बारीक माहिती दुसऱ्या कोणाला नव्हती. समानता समितीत मात्र एक महिला असणे बंधनकारक होते. साहेबांच्या पीएने सगळे मजले पालथे घातले. निर्णय घेणाऱ्या मजल्यावर बाई नव्हती, त्याच्या खालच्या मजल्यावरही नव्हती. शेवटी तो तळमजल्यावर तिकीट खिडकीशी आला.

“मॅडम, अभिनंदन. तुम्ही समानता समितीच्या अधिकारी झालात.”

“पगार?”

“समानच. म्हणजे आहे तोच.”

बुधवारी समानता अधिकाऱ्यांपुढे पहिली तक्रार आली. ती महिला संघाच्या कर्णधाराची होती. कॅप्टनने ती वाचली आणि तिला पटली. तिने तक्रार ग्राह्य असल्याचा शेरा मारून ती वर पाठवली. गुरुवारी नैतिकता समितीने तिला बोलावून घेतले.

“बसा,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज जड झाला होता. “तक्रार करणारी व्यक्ती आणि तिचा निवाडा करणारी व्यक्ती एकच असल्याचं समितीच्या लक्षात आलंय.”

“साहेब, तुम्हीच नेमलंत मला.”

“नेमणूक बरोबरच होती. पण त्या पदावर बसून स्वतःचीच तक्रार मान्य करायची? जगात याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात.”

“आणि तुमच्या चौकशीचे अध्यक्ष तुम्हीच आहात, त्याला काय म्हणतात?”

“अनुभव.” साहेबांनी मान खाली घातली. “मला मनापासून वाईट वाटतंय. पण नियम सगळ्यांना समान. तुमचाच आग्रह होता ना समानतेचा?”

अशा रीतीने संपूर्ण प्रकरणात नैतिकतेचा एकमेव भंग सिद्ध झाला आणि तो कॅप्टनच्या नावे लागला. तिला ताकीद देण्यात आली. समानता अधिकारी म्हणून त्या ताकिदीची पोच तिलाच द्यावी लागली.

हे बाहेर फुटल्यावर मात्र फाटकाशी स्टुले वाढली. क्लबची प्रायोजक कंपनी गाद्या बनवणारी होती. ‘विश्रांती’ हा शब्द ऐकला की लोक हसू लागले, तेव्हा कंपनीचे मालक स्वतः साहेबांना भेटून गेले. बंद दाराआड काय झाले ते कळले नाही. बाहेर आल्यावर साहेबांनी जनभावनेचा आदर करण्याचे जाहीर केले. महिला संघाचा सामना पुढच्या रविवारी मुख्य मैदानावर होईल. तिकिटाचा दर पुरुषांच्या सामन्याइतकाच राहील, कारण समानता. आणि ज्या नागरिकांनी सह्या केल्या त्यांच्यापैकी किमान निम्म्यांनी शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत तिकिटे काढावीत. तसे न झाल्यास मागणी खरी नव्हती असे मानून महिला संघ ‘मागणीअभावी’ बंद करण्यात येईल.

“ही अट मुलांच्या संघाला आहे का?” कॅप्टनने विचारले.

“त्यांनी कधी काही मागितलंच नाही. त्यांना न मागता मिळतं. मग सिद्ध काय करायचं त्यांनी?”

“मग आम्हाला सरावाला तरी मैदान द्या. शुक्रवारी अर्धा दिवस सुट्टी द्या.”

“आणि तिकिटं कोण विकणार?” साहेबांना खरोखरच आश्चर्य वाटले होते. “तुमच्याच संघाचा प्रश्न आहे ना?”

कॅप्टनने हिशेब मांडला नाही. मांडायची गरज वाटली नाही. दहा हजारांवर माणसे, त्यातली निम्मी. एवढा आरडाओरडा करणाऱ्यांना रविवारची दोन तासांची बैठक काय जड आहे? शनिवारी सकाळी ती जवळजवळ गुणगुणतच आली. टेबलाखाली तिने खेळाचे बूट घातलेले होते, पाय सवयीत राहावेत म्हणून.

खिडक्या दोन होत्या. डावीकडची तिची. उजवीकडच्या खिडकीवर त्याच सकाळी, निव्वळ योगायोगाने, पुरुष संघाच्या शेजारच्या शहराविरुद्धच्या सामन्याची तिकिटे सुटली. दहा वाजता खिडक्या उघडल्या तेव्हा उजवीकडची रांग फाटकाबाहेर जाऊन भिंतीला वळसा घालून गेली होती. रांगेतल्या बहुतेकांच्या छातीवर हिरव्या गोलाचा बिल्ला होता.

औषधवाला रांगेत बराच पुढे होता. त्याने लांबूनच मूठ उंचावली.

“ताई, माघार घ्यायची नाही! आम्ही पाठीशी आहोत!”

“भाऊ, पाठीशी कशाला, पुढे या ना. माझी खिडकी इकडे आहे.”

“येतोच. आधी ही घेतो, संपतात ही. तुमची काय, मिळतीलच.”

रांगेत लोक हसले, अगदी प्रेमाने. कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि रांगभर टाळ्या झाल्या. कॅप्टनने हात जोडले. टाळ्या थांबल्यावर रांग एक पाऊल पुढे सरकली. उजवीकडे.

तासाभराने औषधवाला आपली तिकिटे खिशात घालून तिच्या खिडकीशी आला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, “ताई, रागावू नका, पण नेमका रविवार आहे हो.”

“रविवारी दुकान बंद असतं ना तुमचं?”

“म्हणून तर. आठवडाभर स्टुलावर उभा आहे तुमच्यासाठी. एक दिवस मिळतो.” त्याने मान चोळली. “थकवा आलाय फार.”

कॅप्टनने तिकिटांचा गठ्ठा सरळ केला. हे कारण या कार्यालयात मंजूर होते, हे तिला माहीत होते.

दुपारी सासूबाई आल्या. एका हाताने भिंत धरत, एका हाताने पर्स सांभाळत त्यांनी दोन्ही खिडक्या न्याहाळल्या आणि मोकळ्या खिडकीशी आल्या.

“खुर्ची आहे ना गं?”

“सगळ्या आहेत, आई. कुठलीही घ्या.”

“मग पुढची दे. आणि हे पैसे धर. घरचं माणूस म्हणून फुकट देऊ नकोस, तो तुझा साहेब त्याचंही खापर तुझ्यावर फोडेल.”

तिकीट पर्समध्ये ठेवून त्या वळल्या आणि रांगेकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, “काय हो, सह्या करून हात दुखायला लागले वाटतं?”

रांगेतल्या बऱ्याच जणांना त्याच क्षणी फोन आले. एका तरुणाने मात्र पुढे येऊन नम्रपणे सांगितले, “आजी, आम्ही तत्त्वासाठी सही केली होती. फुटबॉलचा प्रश्न नव्हता.”

“अस्सं. मग तत्त्वाला सांग हो, माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे.”

तरुणाने हे वाक्य लगेच फोनवर टाकले. कॅप्टनच्या माहितीप्रमाणे, ते तासाभरात हजारोंना आवडले.

दुपारी चारपर्यंतची स्थिती अशी: उजवीकडची तिकिटे संपली असून ती खिडकी बंद झाली आहे. साहेबांनी डावीकडच्या खिडकीवरून दोन मोफत पास नेले आणि त्याबद्दल छायाचित्र काढून घेतले. महिला संघ बंद केल्याची घोषणा टाइप करून तयार आहे. तीत खेद तीन ठिकाणी व्यक्त करण्यात आला आहे. गवताची प्रकृती उत्तम आहे. सासूबाई परत जायला तयार नाहीत. पहारेकऱ्याने त्यांना स्वतःची खुर्ची आणून दिली आहे आणि त्या खिडकीशेजारीच बसून आहेत. कॅप्टन आत आहे, बूट पायात आहेत. तिकिटे किती गेली, हे विचारल्यावर तिने फक्त उरलेला गठ्ठा दाखवला. तो दोन्ही हातांनी उचलावा लागला.

ही हकिगत इथवर वाचून ज्यांना साहेबांची चीड आली, त्यांच्या माहितीसाठी: खिडकी सहापर्यंत उघडी आहे. फाटकातून आत आल्यावर डावीकडे. रांग नाही.