टनामागे नव्वद ग्रॅम

जमिनीखाली सोनं किती आहे, ते मी जमीन न खणता सांगतो! म्हणजे तसं थोडं खणावं लागतं. मनगटाएवढ्या जाडीची भोकं पाडायची, त्यातून निघालेल्या खडकाचे दांडे उभे चिरायचे, अर्धा भाग पिशवीत भरून प्रयोगशाळेत पाठवायचा आणि आलेल्या आकड्यांवरून सगळ्या माळाखालचा अंदाज काढायचा. प्रत्येक भोकाची खोली मला सेंटिमीटरपर्यंत पाठ! बायको म्हणते, "इतर काहीच पाठ नसतं ना तुला." बायकांना कौतुक करायची सवय नसते, दुसरं काय!

दोन वर्षं मी या माळावर आणि ती आठ तासांच्या अंतरावर. मोठ्या साहेबांनी शब्द दिला होता, "अंदाज चांगला आला, की तुमची बदली हेड ऑफिसला." हेड ऑफिस आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. आता सांगा, माणूस जीव तोडून काम करणार की नाही?

तर नमुने ठेवायच्या शेडवर मी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली होती: 'आत सोनं घालून येऊ नये.' दागिन्याचा कण जरी नमुन्यात गेला, तरी आकडा बिघडतो. दारात स्वयंपाकाच्या मावशी बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन बसायच्या. ज्याचं त्याचं सोनं, वर चिठ्ठी, डब्यात! मी मोठ्या साहेबांची साखळीसुद्धा उतरवली. माझी लग्नातली अंगठी निघता निघत नव्हती. वीस मिनिटं साबण चोळला, तेव्हा निघाली.

मावशींनी डबा पुढे केला. "टाका साहेब."

"माझं राहू द्या. मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो," मी म्हणालो आणि अंगठी शर्टाच्या खिशात टाकली. नियम करणाऱ्यानं डब्याच्या रांगेत उभं राहायचं, हे काही बरं दिसत नाही!

महिन्याभरानं पाचव्या भोकाचे आकडे आले. एरवी टनामागे एक ग्रॅम, फार तर दीड. आणि एका नमुन्यात नव्वद! मी खुर्चीवरून असा उडालो, की चहा नकाशावर सांडला. मोठे साहेब धावत आले.

"अहो, पण असा एकटाच उंच आकडा आला, तर तो आधी छाटायचा असतो ना?"

"साहेब! लक्ष्मी टिळा लावायला आलीय आणि तुम्ही म्हणता तोंड धुऊन येतो?"

नाही छाटला. कॉम्प्युटरही बिचारा आज्ञाधारक! त्यानं ते नव्वद आजूबाजूच्या सगळ्या खडकाला सढळ हातानं वाटून टाकले. अंदाज तिप्पट! साहेबांनी मला मिठी मारली. बदलीचा कागद टाईप झाला. बायकोनं माझं कपाट रिकामं केलं, त्यात दोन वर्षांत तिच्याच साड्या शिरल्या होत्या. "खरंच येतोयस ना रे?" तिनं तीनदा विचारलं. तिचा आवाज ऐकून मलाच भरून आलं.

सही करण्याआधी साहेबांनी सहज म्हणून दोन मीटरवर आणखी एक भोक पाडायला लावलं. त्यात सोनं निघालं दीड ग्रॅम! साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी प्रयोगशाळेला त्या नव्वदवाल्या नमुन्याचा दळून उरलेला भुगा चाळायला सांगितला. दोन दिवसांनी तिथल्या बाईंचा फोन आला. साहेबांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"सर, चाळणीवर एक चपटा पिवळा तुकडा राहिलाय. त्यावर काहीतरी कोरलंय."

"कोरलंय? काय?"

"तेवीस, अकरा."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही तर म्हणाला होतात, हा खडक दोनशे कोटी वर्षांचा आहे!"

माझं डोकंच फिरलं. कुणीतरी दागिना घालून आत शिरलं होतं! माझ्या पाटीखालून! मी सगळ्या कॅम्पला उन्हात रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाला लग्नाची तारीख विचारली. ड्रिलरचं लग्न जूनमधलं, ड्रायव्हरचं व्हायचंच होतं.

"माझं मे महिन्यात झालं," मावशी म्हणाल्या. "आणि तुमचं, साहेब?"

"माझा प्रश्नच येत नाही! माझी अंगठी ड्रॉवरमध्ये आहे!"

संध्याकाळी बायकोला फोन लावला. बदली बहुतेक गेली, हे कसंबसं सांगितलं. मग रागच आला.

"एका बेजबाबदार माणसामुळे हं! कुठल्या तरी मूर्खानं तेवीस अकराला लग्न केलं, अंगठीवर तारीख कोरली आणि ती आणून टाकली माझ्या नमुन्यात! सापडू दे एकदा, कॅम्पातून हाकलतो की नाही बघ!"

मी फोन हलवून पाहिला.

"हॅलो? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली. "त्या मूर्खाला मी ओळखते."

मी फोन कानाला तसाच धरून ड्रॉवर उघडला. आत दोन पेन्सिली, एक खोडरबर आणि पेपरमिंटची गोळी. मग आठवलं, त्या दिवशी मी ड्रॉवरपर्यंत पोचलोच नव्हतो. पिशव्या भरायला वाकलो होतो. पिशवीवर वाकलो होतो आणि शर्टाचा खिसा उघडा होता!

"अगं..." मी म्हणालो.

आधी मुसमुसल्यासारखा आवाज आला. मग कळलं, ती हसत होती. हसता हसता थोडी रडतही असावी.

"एका अंगठीवर बदली होत आली होती ना? माझ्या चार बांगड्या पाठवू का?"

"नको गं."

"नकोच. मीच येते पुढच्या आठवड्यात. तुझ्या येण्याची वाट बघत बसले, तर खडकाएवढं वय होईल माझं."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे सगळं कबूल केलं आणि तो आकडा स्वतःच्या हातानं छाटला. अंदाज एक तृतीयांशावर आला आणि बदलीचा कागद फायलीत गेला. तो चपटा तुकडा प्रयोगशाळेनं परत पाठवलाय. मी तो खिशात ठेवायला गेलो, तर मावशींनी हात धरला. आता तो बिस्किटांच्या डब्यात असतो. वरच्या चिठ्ठीवर मावशींनी माझं नाव बारीक लिहिलंय आणि तारीख चांगली मोठ्या अक्षरांत.