खळबळ आणि पीळ

पायरीवरून घसरल्याचं निमित्त होऊन सिस्टरांचं उजवं मनगट मोडलं. दीड महिना ते प्लास्टरमध्ये राहिलं आणि बाहेर आलं ते एक अट घालूनच. चोळायला ते तयार होतं, घासायला तयार होतं, पण पिळायला त्याने साफ नकार दिला.

सिस्टर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढल्यामुळे स्वच्छतेच्या बाबतीत त्यांचा कोणावरही विश्वास नव्हता, मशीनवर तर नाहीच. "काचेआड कपडे गोल गोल फिरतात, त्याला धुणं नाही म्हणत," त्या सांगत. "त्याला कपड्यांना फिरायला नेणं म्हणतात." तेव्हा कपडे त्या हातानेच धूत. पण पिळायचे कसे?

पहिल्यांदा यजमानांना कामाला लावून पाहिलं. यजमान छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक. चादरीचं एक टोक त्यांच्या हाती आणि दुसरं सिस्टरांच्या डाव्या हाती, अशी पिळणी सुरू झाली. तेवढ्यात यजमानांना चादरीच्या काठावरच्या लेबलात ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक दिसली. ती नीट बघायला ते वाकले आणि चादरीने त्यांनाच दोन वेढे दिले. त्यातून ते सुटले, पण चादर ओलीच राहिली.

मग सिस्टरांना तळघरातलं धुलाईघर आठवलं. तिथे इमारतीची तीन सामाईक मशीन्स होती. घरी न्हाणीघरात बसून कपडे धुवायचे, बादली लिफ्टने खाली न्यायची आणि मशीनमधून नुसते खळबळून, पिळून आणायचे. बारा मिनिटांचं काम. दोन महिने ते सुरळीत चाललं. कोणाला त्रास झाला नाही, कोणी तक्रार केली नाही, आणि नेमकं तेच सेक्रेटरींना खटकलं. जी गोष्ट दोन महिने बिनतक्रार चालते ती नियमबाह्य असलीच पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती.

सेक्रेटरींनी धुलाईघराची नोंदवही उघडली आणि सिस्टरांना खाली बोलावून घेतलं.

"सिस्टर, 'धुलाई' या रकान्यात तुम्ही बारा मिनिटं लिहिलीत. बारा मिनिटांत धुलाई होत नाही."

"धुलाई मी घरीच करते हो. इथे नुसतं खळबळून पिळून घेते."

"म्हणजे इथे आणता तेव्हा कपडे स्वच्छ असतात?"

"असणारच."

"मग स्वच्छ कपडे धुलाईघरात आणायचं कारण?"

"ओले असतात."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "ओले कपडे हा धुलाईघराचा विषय नाही, सिस्टर. धुलाईघराचा विषय मळके कपडे. तुम्ही कपडे मळके आहेत असं लिहून द्या आणि सव्वा तास मशीन वापरा. किंवा स्वच्छ आहेत असं लिहून द्या आणि परत वर घेऊन जा."

"माझ्या कपड्यांना मी मळके म्हणू? वर सही करून?" ज्या आवाजाने सिस्टरांनी एकेकाळी मोठमोठ्या सर्जनना पुन्हा हात धुवायला पाठवलं होतं, तो आवाज आता तळघरात घुमला. मशीनसुद्धा क्षणभर थांबल्यासारखं वाटलं. सेक्रेटरी मात्र थांबले नाहीत. "अर्ज करा," ते म्हणाले.

अर्ज यजमानांनी लिहिला. अर्ज निर्दोष होता. त्याला समितीचं जे उत्तर आलं त्यात अकरा चुका होत्या. यजमानांनी त्या लाल शाईने दुरुस्त केल्या आणि शुद्ध प्रत तयार करून पाठवावी अशा विनंतीसह उत्तर परत पाठवलं. समितीच्या भावना दुखावल्या. भावना सुकेपर्यंत तीन आठवडे गेले. तेवढ्या काळात प्रकरणाचं घोंगडं भिजत पडलं आणि सिस्टरांच्या बाल्कनीतल्या निथळत्या चादरींखाली दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं वर्तमानपत्रही.

"पीळ" की "पिळ" या शब्दावर यजमान आणि समिती यांच्यात स्वतंत्र पत्रव्यवहार झाला. "सुंभ जळेल, पण या माणसांचा पिळ काही दीर्घ व्हायचा नाही," असं म्हणून अखेर यजमानांनीच लेखणी खाली ठेवली.

शेवटी ठराव आला. 'अर्धधुलाई' नावाचा नवा वर्ग निर्माण करण्यात आला. घरी हाताने धुतलेले कपडे केवळ खळबळणे व पिळणे यासाठी आणण्यास मुभा राहील. मात्र कपडे खरोखरच हाताने धुतले आहेत असे प्रमाणपत्र आवश्यक राहील. बादलीत फेस दिसल्यास धुलाई झाली असे समजण्यात येईल. निरीक्षक म्हणून चौथ्या मजल्यावरच्या वहिनींची निवड झाली. एकदा नव्याकोऱ्या सोफ्याला वास येतो म्हणून त्यांनी तो परत करून दाखवला होता, त्यामुळे त्यांच्या नाकाबद्दल इमारतीत दुमत नव्हतं.

वहिनींनी सिस्टरांच्या बादलीत डोकावून पाहिलं. "आहे बाई फेस," त्या म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला. अर्धधुलाईवाल्यांना मशीन आधी देण्यात येईल, अशीही ठरावात सोय होती, कारण बारा मिनिटांसाठी सव्वा तास ताटकळत ठेवणं समितीलाही बरं दिसलं नाही. सिस्टर बारा मिनिटांत वर आल्या. आनंदाच्या भरात त्यांनी त्या दिवशी पडदेही धुतले.

इथे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण रांगेत ताटकळलेल्या माणसाला पुढचा कसा पुढे गेला, हे समजायला वेळ लागत नाही.

तिसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर बादली घेऊन खाली आले. फेस त्यांच्या हनुवटीला टेकला होता. त्यांनी काय केलं, ते सिस्टरांनी लिफ्टमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कोरडे मळके कपडे, वर पाणी, वर वाटीभर साबणाची पावडर, आणि दुसऱ्या मजल्यापासून तळघरापर्यंत बादलीला हिसके.

"डॉक्टर, हे धुतले कुठे?"

"धुतोय की, सिस्टर," बादली हलवत डॉक्टर म्हणाले. "लिफ्ट जरा फास्ट आहे, एवढंच."

शिक्का मिळाला. बारा मिनिटांत कपडे पिळून हातात. पुढच्या आठवड्यात पाच बादल्या आल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात एकोणीस. लिफ्टमध्ये घोट्यापर्यंत फेस साचू लागला. 'लिफ्टमध्ये धुलाई करताना इतरांना जागा द्यावी' अशी पाटी लागली. यजमान ती पाटी वाचायला म्हणून गेले आणि एकही चूक सापडली नाही म्हणून खिन्न होऊन परतले.

पाहता पाहता हाताने धुणं प्रतिष्ठेचं झालं. "आमच्याकडे बाई सगळं हाताने," असं लोक पाहुण्यांना सांगू लागले. पहिल्या मजल्यावरच्या विमा एजंटाने आपल्या सुरकुतलेल्या बोटांचा फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला. सभागृहात 'हस्तधुलाई : एक जीवनदृष्टी' या विषयावर दोन दिवसांचं शिबिर झालं. शिबिर घेणारे गृहस्थ कपडे लाँड्रीत टाकतात असं त्यांनीच मोकळेपणाने सांगितलं, आणि त्या मोकळेपणाबद्दल त्यांचं कौतुक झालं. सिस्टरांना शेवटच्या रांगेत खुर्ची मिळाली. त्यांनी एकदाच हात वर करून विचारलं, "चोळायचं कधी?" गृहस्थांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "ज्याला त्याला ते आतून कळतं."

वर्षाच्या अखेरीस समितीने आकडे काढले. गेल्या चार महिन्यांत तिन्ही मशीन्सची धुलाई एकदाही वापरली गेली नव्हती. न वापरली जाणारी सोय म्हणजे उधळपट्टी. ती बंद करण्याचा ठराव झाला आणि मेकॅनिक बोलावण्यात आला.

"धुण्याचं बटण काढून टाकू?" मेकॅनिकने दोनदा विचारलं. "मग हे मशीन करणार काय?"

"पिळणार," सेक्रेटरी म्हणाले.

सिस्टर तिथेच होत्या. त्यांना राहवेना. "अहो, या इमारतीत कपडे धुतंय कोण? कोणीच धूत नाहीये!"

"मग फेस कुठून येतो, सिस्टर?"

याला उत्तर नव्हतं. म्हणजे उत्तर होतं, पण त्याला रकाना नव्हता. बटणं निघाली.

महिनाभरात इमारतीला वास येऊ लागला. पाहुणे पाच मिनिटांत उठू लागले. पोस्टमन पत्रं लांबूनच आत भिरकावू लागला. समितीने वासाची गंभीर दखल घेतली आणि सुगंधी फेसाचा द्रव ठरवून दिला. प्रत्येक बादलीत निदान चार बोटं सुगंधी फेस असलाच पाहिजे, असा दंडक झाला. वहिनींना एक पट्टी देण्यात आली.

सिस्टर कपड्यांना वडीचा साबण लावत, तोही बेताने. त्यांच्या बादलीत वहिनींनी पट्टी बुडवली आणि वहिनींचा चेहरा पडला.

"सिस्टर, दीडच बोट भरतंय हो."

"वहिनी, वास घेऊन बघा. तुमचं नाक काय सांगतंय?"

वहिनींनी वास घेतला, पुन्हा घेतला. "काहीच येत नाहीये," त्या घाबरून म्हणाल्या. "कसलाच नाही! असं कसं चालेल? यजमानांना तरी दाखवलंत का?"

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर नाव झळकलं. 'तिसरा मजला : कपडे अप्रमाणित.' लिफ्टमध्ये दातांचे डॉक्टर सभ्यपणे दोन पावलं मागे सरकले. त्यांच्या शर्टाच्या खिशावर तीन आठवड्यांपूर्वीची शाई होती. हा अपमान मात्र सिस्टरांच्या जिव्हारी लागला. चौतीस वर्षांत त्यांच्या हातच्या एका टाक्यात पू झाला नव्हता की चादरीवर डाग राहिला नव्हता. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. सकाळी उठून त्या यजमानांना म्हणाल्या, "अहो, पांढरं घमेलं काढा. सभेला जायचंय."

सर्वसाधारण सभेला एक्केचाळीस जण हजर होते. सिस्टरांनी टेबलावर घमेलं ठेवलं, त्यात कढत पाणी ओतलं आणि सेक्रेटरींकडे हात पुढे केला. "रुमाल द्या."

रुमाल प्रमाणित होता. त्याला गुलाबाचा वास होता. सिस्टरांनी तो पाण्यात बुडवला, दोनदा चुबकला, आणि पाणी बघता बघता आधी पिवळं, मग चहासारखं, मग चहा फार उकळल्यासारखं झालं. सभेत कुजबुज झाली. सिस्टरांनी ते पाणी फेकलं, नवं घेतलं आणि आपल्या उशीचा अभ्रा बुडवला. पाणी तसंच राहिलं. तळाशी घमेल्यावरचा ओरखडासुद्धा दिसत होता.

सिस्टरांनी ओले हात पदराला पुसले. इतक्या महिन्यांनी त्यांना मोकळा श्वास घेता आला.

सेक्रेटरी उठले. घमेल्याभोवती त्यांनी एक फेरी मारली आणि घसा खाकरला.

"सभासदहो, फरक आपल्या डोळ्यांसमोर आहे. माझा रुमाल पाण्यात घातला, धुलाईने काम केलं, परिणाम दिसला. सिस्टरांचा अभ्रा घातला. काय निघालं? काहीही नाही! म्हणजे या कपड्यांवर धुलाईचा परिणामच होत नाही. मला सिस्टरांबद्दल व्यक्तिशः आदर आहे, पण असे कपडे सामाईक मशीनमध्ये घालू देणं जोखमीचं आहे."

आधी एक टाळी वाजली, मग सगळ्याच. 'ज्या कपड्यांतून मळ निघत नाही ते धुलाईस अपात्र समजण्यात यावेत' हा ठराव मतास टाकण्यात आला. एकोणचाळीस हात वर झाले.

सिस्टरांनी यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी सिस्टरांकडे पाहिलं. आणि कुठून कोण जाणे, सिस्टरांना हसू फुटलं. ते आवरेना. "परिणामच होत नाही!" एवढं कसंबसं म्हणून त्या खुर्चीत वाकल्या. यजमान हसता हसता घमेल्यात कोपर घालून बसले. दोघं एकमेकांना धरून लिफ्टपर्यंत गेले आणि फेसावरून घसरत, हसत, डोळे पुसत वर पोचले.

सोमवारी सिस्टरांनी कपडे नेहमीसारखे चोळून, घासून, लख्ख धुतले. मग त्यांवर सुगंधी द्रवाचं एक झाकण ओतलं आणि थोडं अंगणातलं मातीचं पाणी शिंपडलं. मनगट पिळत नव्हतं, त्याला त्या तरी काय करणार? फेस पाच बोटं भरला. पाणीही छान गढूळ निघालं. वहिनींना भरून आलं. "बघा," त्या म्हणाल्या, "मनात आणलं तर येतं की तुम्हाला!" सिस्टरांचं नाव फलकावरून उतरलं.

त्यानंतरच्या आठवड्यात सिस्टरांना इमारतीतली माणसं एकेकटी गाठू लागली. कोणी जिन्यात, कोणी भाजीची पिशवी सावरत फाटकापाशी. प्रत्येक जण आधी इकडेतिकडे बघे, मग आवाज खाली आणून म्हणे, "सिस्टर, मनाने मी तुमच्याच बाजूने होतो. फक्त हात तेवढा वर होता." असे एकोणचाळीस जण झाले. शेवटचे सेक्रेटरी.

हे वाचताना तुम्हीही मनाने सिस्टरांच्याच बाजूने होतात, हे आम्ही जाणतो. कधी भेट झाली तर त्यांना तसं अवश्य सांगा. त्या शांतपणे ऐकून घेतील. सांगताना फक्त जरा लांब उभे राहा. त्यांचं नाक अजून शाबूत आहे.