तावडे सरांचे दोन डबे

कॉलेजातल्या कुठल्याही मुलाच्या इंटर्नशिपचा पहिला दिवस असला, की तावडे सर जेवणाच्या सुट्टीत दोन डबे घेऊन त्याच्या ऑफिसात हजर. एक स्वतःचा, एक त्या मुलाचा. कॉलेजने त्यांना महिन्यातून एक फोन करा, एवढंच सांगितलं होतं.

आमच्या कांदिवलीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला इंटर्नशिपचे मार्क होते आणि करिअरचा तास सरांकडे. बायोडेटा, मुलाखत वगैरे पाच मिनिटांत उरकायचे आणि आपल्या मालवणीत विचारायचे, "पगार ऱ्हवांदे. पाणी खंय मेळता, ता बघलंस?" भेटीच्या छापील फॉर्मवर त्यांनी पेनाने रकाने वाढवले होते: पंखा, खुर्ची, शेजारी. चारकोपच्या एका कारखान्यात पंख्यावरून ते मालकाशी भांडले. पंखा आला, पण त्या पोराला तोंड दाखवायला जागा उरली नाही. लेकीला सासरी बघायला आल्यासारखे येतात, म्हणून आम्ही त्यांना मुराळी म्हणायचो.

मला अंधेरीचं काचेचं ऑफिस मिळालं. पहिल्या दिवशी एक वाजता रिसेप्शनवरून फोन आला. "कोणी तावडे आलेत. हातात दोन डबे आहेत. तुझे कोण?"

आजूबाजूच्या मुली बघत होत्या. मी म्हणाले, "ओळखत नाही."

काचेपलीकडे रिसेप्शनिस्टने त्यांना तसंच सांगितलेलं मला दिसलं. सरांनी मान डोलावली, डबे उचलले आणि गेले.

मग सगळे आपापल्या घोळक्यात जेवायला गेले. मला 'चल' म्हणायचं कोणाच्या मनात आलं नाही. मी जागेवरच बिस्किटं खाल्ली. सर दुसरा डबा का आणतात ते तेव्हा कळलं, आणि स्वतःची लाज वाटली.

शनिवारी माफी मागायची ठरवून कॉलेजात गेले.

"सर, त्या दिवशी..."

"अगो, मीच बिल्डिंग चुकलंय," ते घाईघाईने म्हणाले. "सगळ्यो काचेच्यो, एकीसारखी एक. तू जेवलंस मा? एकटीच नाय ना?"

"नाही सर. सगळे होते सोबत."

"मग बरां झालां." ते खरोखरच निवांत झाले.

माफी राहिलीच. उलट माझ्या तोंडून निघालं, "पुढच्या वेळी पत्ता नीट विचारून या, सर."

"होय गो," म्हणत त्यांनी खिशातून कागद काढला आणि मी सांगितला तो पत्ता, मजल्यासकट, मान खाली घालून लिहून घेतला.